मोठाई, तुही चाल मले येत होती

मोठाई, हे जे वाचून राहिले नं, त्याईले वाटते मी आता लिहीन की तू मायेचा सागर होती, देवमाणूस होती, कधी कोणाले एका शब्दानं दुखावलं नाही. मंग डोळ्यात पाणी, मंग हार घातलेला फोटो, आन् खतम. बसा म्हणा वाट पाहत. जिनं मले रोज सकाळी उठल्या उठल्या 'मुडद्या' म्हटलं, दोनदा लाटणं फेकून मारलं आन् त्यातलं एक बरोबर नेमावर लागलं, तिले देवमाणूस म्हणायची माही हिंमत नाही. आन् सागर त तू पाह्यलाच नव्हता. आपल्या बाळापुरात नद्या दोन, पण उन्हाळ्यात दोन्हीत म्हशीच्या गुडघ्याएवढं पाणी.

लोकाईले एवढं सांगून देतो, तू जरा थांब. मोठाई म्हणजे माह्या बाबांच्या मोठ्या भावाची, मोठेबाबाईची, बायको, माह्या मायची जाऊ. घर एक, चूल एक, न्हाणी एक. पोट्टा मी मायचा, पण वाढलो तुह्या शिव्याईवर. तुही रूपा लग्न होऊन अमरावतीले गेली, मंग त शिव्याईचा सगळा कोटा माह्या एकट्याच्या वाट्याले आला.

मी नकला करतो. बसमधी कंडक्टरची केली, त्यानंच म्हटलं पुन्हा कर. लग्नात, गणपतीत, शाळेच्या गॅदरिंगमधी मी मिक्सर होतो, कुकर होतो, रिव्हर्स घेणारा ट्रॅक्टर होतो. पण माहा सगळ्यात चालणारा आयटम तू होती. 'अवं शांते, दूध उतू गेल्यावर पाहशीन काय वं!' एवढं एक वाक्य तुह्या आवाजात म्हटलं की सारी गल्ली हसे. शांता म्हणजे माय. ती त चार-पाच वेळा खरंच चुलीकडं पळाली.

नववीत मास्तरची नक्कल केली आन् मार खाल्ला, तो दिवस तुले आठवते? तू शाळेत आली. सगळ्याईले वाटलं आता भांडण होते. तू पदर खोचला आन् म्हणाली, 'मास्तर, पोट्ट्यानं चुकीची केली असन त मारा. पन बराबर केली असन त काहून मारता? कर रे पप्या, पाहू दे मले.' मी रडत रडत मास्तरच्या समोर मास्तर केला. तू नीट पाह्यलं, एकदा त्याच्याकडं, एकदा माह्याकडं. 'चष्मा वर सारताना ते करंगळी उचलतात,' तू म्हणाली, 'तू अंगठा उचलला. मारा मास्तर.' मास्तरच हसले. त्या दिवसापासून मले समजलं, नक्कल म्हणजे टिंगल नव्हे, नक्कल म्हणजे नीट पाहणं. हे तू शिकवलं. म्हणूनच पुढचं लिहायले जड जाऊन राहिलं.

नक्कल करणाऱ्याले एक गोष्ट ठाऊक असते. आवाज नंतर येते, पहिले चाल येते. माणूस उठताना हात कुठं ठेवते, वजन कोण्या पायावर टाकते, ते एकदा अंगात उतरलं की आवाज आपोआप गळ्यात येते. तुही चाल मले लहानपणापासून येत होती. पाय फेकत, खांदे मागं, जशी काही गावची पाटलीणच. आन् मागच्याच्या मागच्या दिवाळीनंतर ती चाल बदलली. तू कमरेवर हात ठेवून चालायले लागली. पाटावर बसली की वजन एकाच बाजूले, दुसरी बाजू अधर. उठताना पहिले भिंतीले हात, मंग दुसरा हात पोटाच्या खाली, दात दाबून एक श्वास, मंग उठणं. दर अर्ध्या घंट्यानं न्हाणीत.

मी काय केलं? मी ते उचललं. आयटममधी नवीन माल आला नं! लोकं लोटपोट झाले. तू त पदर तोंडाले लावून सगळ्यात जास्त हसली, आन् हसता हसता पुन्हा भिंतीले हात लावला. मी तेही उचललं.

चार महिने मी तुह्या दुखण्यावर टाळ्या घेतल्या, मोठाई. हे वाक्य लिहायले मले तीन दिवस लागले.

पण ह्याच्याही आधीची एक गोष्ट आहे, भादव्यातली, आन् ती मी टाळून राहिलो होतो.

आपल्या घरी महालक्ष्म्या बसतात. तीन दिवस घरात पाय ठेवायले जागा नसते. सोळा भाज्या, पुरण, वडे, कढी, आंबील, आन् सगळं सोवळ्यात. ज्या बाईची पाळी आली ती तीन दिवस चुलीपाशी नाही की महालक्ष्म्यापाशी नाही, तिनं मागच्या खोलीत बसायचं. माय दर दोन सालाआड नेमकी सापडे. म्हणून तुही पाळी बंद झाली त्या सालापासून तू सैपाकाची मुख्य. 'आता मले कोनी उठवू शकत नाई,' म्हणायची, आन् आंबिलीची पळी अशी फिरवायची जसा पोलिसाचा दंडा. सात साल तुहं राज्य चाललं. घरात त्या तीन दिवसात मोठेबाबाही तुले विचारून पाणी पीत.

आन् त्या भादव्यात, महालक्ष्म्या आठ दिवसावर असताना, तुह्या अंगावरून पुन्हा जायले लागलं. मले हे तेव्हा ठाऊक नव्हतं. मले एवढंच ठाऊक की तू मले मागच्या दारी बोलावलं, गोळ्याईचं एक रिकामं पाकीट हातात देल्लं आन् म्हणाली, 'पप्या, मेडिकलमदून हे आनून दे. रूपा येऊन राह्यली, तिले लागते. आन् तोंड बंद ठेवजो, नाई त ह्याचीबी नक्कल करशीन.'

पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या. भादव्यात आपल्याकडं ह्या गोळ्या सर्दीच्या गोळ्याईसारख्या खपतात. मेडिकलवाल्यानं विचारलं, कोणासाठी? मी म्हटलं, घरी महालक्ष्म्या आहेत. झालं. एवढ्यात सगळं समजते इथं. वरून मी बाईचा आवाज काढून 'दोन पाकिटं द्या वो भाऊ' केलं. तो हसला, मी हसलो, आन् गोळ्या तुह्या हातात आणून देल्ल्या.

रूपाताईले त्या गोळ्या लागतच नव्हत्या. छप्पन वर्षाची बाई, सात साल झाले पाळी बंद होऊन, आन् ती पाळी लांबवायच्या गोळ्या खाऊन सोळा भाज्या चिरून राहिली होती. तुले वाटलं उष्णता झाली. धन्याचं पाणी पिली, सब्जा पिली. गल्लीतल्या एका बाईले तू आडून आडून विचारलं, तिनं सांगतलं, 'चांगलं हाये वं माय, अंग पुन्हा फिरलं म्हनायचं.' तू ते मानलं. पण घरात सांगतलं असतं त चुलीपासून उठा लागलं असतं.

बंद झालेली पाळी परत येत नसते, मोठाई. साल-दीड साल बंद राह्यल्यावर एक डाग जरी दिसला, त तो डाग डॉक्टरले दाखवायचा असते. तुले हे कोणी सांगतलं नव्हतं. मले त पाळी म्हणजे मागची खोली, एवढंच ठाऊक.

शिवरात्रीच्या आधी अर्चनाताई घरी आली. आपल्या वस्तीची आशा. बाळंतिणीची नोंद, लेकराईचे डोस, सगळं तिच्याकडं. ओसरीत चार बायका बसल्या होत्या. फर्माईश झाली, 'पप्या, मोठाई कर.' मी केली. कमरेवर हात, एक बाजू अधर, भिंत, दात, श्वास. बायका हसल्या. अर्चनाताई हसली नाही.

'पुन्हा कर,' ती म्हणाली.

मले वाटलं आवडलं. पुन्हा केली.

'उठताना हात पोटाखाली काहून लावला रे?'

'मी कुठं लावला? ती लावते.'

'आन् मधामधात न्हाणीकडं?'

'ती जाते.'

अर्चनाताईनं कप खाली ठेवला, तुह्या दंडाले धरलं आन् मागच्या खोलीत घेऊन गेली. दार लोटलं. अर्ध्या घंट्यानं तू बाहेर आली. तेव्हाचं तुहं तोंड मले आजवर काढता आलं नाही, आन् मी ते काढणारही नाही. माह्याकडं पाहून तू एकच म्हणाली, 'झालं समाधान, मुडद्या?'

दुसऱ्या दिवशी आपण चौघं अकोल्याले गेलो. तू, माय, मोठेबाबा आन् मी. जठारपेठेतल्या डॉक्टरीणबाईनं तुले आतून तपासलं. पाच मिनिटं लागले असतीन. ज्या पाच मिनिटाईले तू सहा महिने भेली, ते पाच मिनिटं. तपासताना हातालेच रक्त लागलं म्हणे. त्याईनं एक बारीकसा तुकडा काढला आन् तपासायले पाठवला. मंग तुकड्याचा रिपोर्ट, मंग पोटाचा स्कॅन, आन् मंग पुन्हा आपण चौघं त्याच चार खुर्च्याईवर.

'पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर आहे,' डॉक्टरीणबाई म्हणाल्या. 

मोठेबाबा म्हणाले, 'मंग पिशवी काढून टाका नं बाई. आता काय काम तिचं?' जशी काही जुनी सायकल भंगारात द्यायची.

त्याईनं कागदावर पिशवी काढून दाखवली. उलट्या ठेवलेल्या पेरूसारखं काहीतरी. गाठ तोंडावर होती, आता बाजूले पसरली, म्हणून कापून सगळी निघणार नाही. शेक द्यायचा, म्हणजे रेडिएशन, संगं सलाईनमधून औषध. त्यानं आटोक्यात येऊ शकते. आन् मंग त्याईनं तुले विचारलं, 'किती दिवसांपासून जातंय अंगावरून?'

तू खाली पाहून म्हणाली, 'भादव्यापासून. महालक्ष्म्याच्या आठ दिस आधी.'

आन् माय बोलली. 'म्हंजे जाऊबाई, तुमी तसाच सैपाक केला?'

डॉक्टरीणबाई कागदं जमवत होत्या, त्याईचं ध्यान नव्हतं. आपल्या तिघाईचं होतं. समोरच्या बाईले कॅन्सर निघाला आन् तिच्या जावेनं पहिले विचारलं ते नैवेद्याचं. दुखते काय, नाही विचारलं. रडली नाही. माय वाईट नाही, मोठाई, तुलेही ठाऊक. तुही रूपा झाली तेव्हा सव्वा महिना तुले न्हाऊ घालणारी तीच. ते वाक्य शिंकेसारखं निघालं. पण निघालं. तू मान वर केली, मायकडं पाह्यलं, आन् पदर डोक्यावरून नीट घेतला. त्या दिवसापासून तुम्ही दोघी बोलायच्या, मीठ-मिरची, दूध-दही, सगळं बोलायच्या. ते एक सोडून.

अमरावतीले रूपाताईकडं आपण दीड महिना राह्यलो. सोमवार ते शुक्रवार रोज शेक, हप्त्यातून एकदा सलाईन. मशीनखाली जायच्या आधी पोटभर पाणी प्यायचं आन् लघवी धरून बसायचं, म्हणजे आतड्याईले शेक कमी लागते. बाकावर दहा-बारा बाया, कोणी परतवाड्याची, कोणी मेळघाटातली, सगळ्याईचे पोटं तट्ट, तोंडं गच्च. आन् त्याईच्या समोर मी.

'पप्या, हसवू नको. सुटन.'

'मी त काही बोललोच नाही, मोठाई.'

'तुहं थोबाडच बोलते.'

परतवाड्याच्या आजीनं विचारलं, 'पोरगा हाये काय वं तुहा?'

'पोरगा नाई,' तू म्हणाली, 'भोग हाये.'

आन् पूर्ण बाक हसला, आन् दोघी उठून पळाल्या, आन् सिस्टरनं मले हात धरून बाहेर काढलं. तुह्याच वाक्यावर हसले, आन् बाहेर मी! दुसऱ्या दिवशी त्याच आजीनं दारातून डोकावून मले इशाऱ्यानं आत बोलावलं.

सगळंच हसण्यावारी नव्हतं. तिसऱ्या हप्त्यात तुले जुलाब लागले, भाताचा वास सहन होईना, खालची कातडी भाजल्यासारखी झाली. शेवटी आतून शेक देल्ला, तेव्हा तू बाहेर आली आन् दिवसभर एक शब्द बोलली नाही. शिवीही नाही. तो एक दिवस मले तुही शिवी पाहिजे होती.

मंग एका संध्याकाळी रूपाताईच्या गच्चीवर तू सुरू झाली. पापड उचलत होती, माह्याकडं पाह्यलंही नाही.

'तू त्या अर्चनापुढं मले उघडं पाडलं.'

'तू सांगतलं असतं त पाडा लागलं नसतं.'

'कोनाले सांगतलं असतं? इचारलं कोनी? सात साल झाले, घरात मले एकच इचारते जो तो. यंदा सैपाकाले हाये नं तू?'

'मले सांगायचं.'

'तुले?' आता तू पाह्यलं. 'तू त टाळ्या घेऊन राह्यला होता.'

मी म्हणू शकलो असतो की गोळ्या मीच आणल्या होत्या, ते त त्याहून वाईट. म्हणू शकलो असतो की त्या नकलेमुळं निदान दवाखान्यात त गेली तू. पण चार महिने आधी मी हसवायच्या ऐवजी एकदा विचारलं असतं, 'मोठाई, कंबर दुखते काय वं?' त गाठ केवढी असती? मी डॉक्टरीणबाईले हे विचारलं होतं. त्या म्हणाल्या, 'तसं सांगता येत नाही.' माणसं चांगली असली की असं बोलतात. तेवढ्यात रूपाताईनं जेवायले हाक मारली, तू टोपलं उचलून म्हणाली, 'चाल, भात थंडा होईन.' वाद तिथंच राह्यला. तू गेली, आन् माही बाजू मांडायची राहूनच गेली. खरं त माही बाजू नाहीच.

तू बरी झाली होती, हेही लिहाले पाहिजे. शेकानं गाठ विरली. पावसाळाभर तू अंगणात फिरली, चाल अर्धी परत आली, पाय पुन्हा फेकायले लागली. मंग भादवा आला. महालक्ष्म्या बसल्या. तुले चुलीपासून कोणी उठवलं नाही, आन् बस असंही कोणी म्हटलं नाही. तू ओसरीत खुर्चीवर बसून राह्यली. त्या साली आंबील मायनं केली. नैवेद्य झाला, आन् मायनं पहिली वाटी तुह्यासाठी भरली. माह्या हातून पाठवली. स्वतः आली नाही.

तू चाखली. 'मीठ कमी हाये,' म्हणाली. मंग थोडं थांबून, 'पन सांग, बरी झाली म्हना.'

मी आत गेलो. 'बरी झाली म्हणते.'

'अजून काय म्हनल्या?' मायनं विचारलं. हातातलं फडकं तसंच.

'काही नाही.'

'बरं,' माय म्हणाली, आन् एकच परात दोनदा पुसली.

संक्रांतीनंतर तुह्या पायावर सूज आली. गाठ परत आली, लघवीच्या नळ्या दबल्या म्हणाले. आता दुखणं कमी करायचं, बाकी काही नाही, असं रूपाताईले बाजूले घेऊन सांगतलं. तुले कोणी सांगतलं नाही, पण तू काय माह्यासारखी बह्याड होती? जायच्या दहा-बारा दिवस आधी, भर दुपारी, सगळे झोपले होते, तू मले जवळ बोलावलं.

'पप्या, तुह्या मायले पांढरं जाते. दोन साल झाले.'

'तुले कसं ठाऊक?'

'न्हानी एकच हाये रे आपली. मले दिसते. वास येते. तिले घेऊन जाय दवाखान्यात.'

'तू सांग नं तिले. तुहं ऐकते ती.'

'मी नाई बोलत तिच्यासंगं असल्या गोष्टीवर.' तू भिंतीकडं पाह्यलं. 'मी सांगतलं त तिले वाटन, मी तिचं बोलनं तिले परत देऊन राह्यली. घे शपथ, नेशीन म्हून.'

मी सवयीनं तुह्याच आवाजात शपथ घेतली. तू डोळे वटारले. 'माह्या आवाजात नाई. तुह्या आवाजात घे.'

मोठाई, एवढे आवाज येतात मले. पण तेव्हा माहा सापडायले वेळ लागला.

तू गेली ते मी लिहीत नाही. तिथं होते त्याईले ठाऊक आहे, नव्हते त्याईले सांगून उपयोग नाही.

मी मायले सांगतलं. पहिल्यांदा म्हणाली, 'मले काही नाई झालं.' दुसऱ्यांदा म्हणाली, 'पांढरं कोन्या बाईले जात नाई?' तिसऱ्यांदा म्हणाली, 'घरात सुतक हाये, अक्कल हाये काय तुले?' मी म्हटलं सुतक फिटल्यावर जाऊ. म्हणाली, तेरवी होऊ दे. मी तिचं तोंड पाह्यलं, आन् मले समजलं. तेरवी झाली की मासिक, मासिक झालं की पेरणी, पेरणी झाली की महालक्ष्म्या. तिच्यापाशी दिवसाईची कमी नव्हती. तुह्यापाशीही नव्हती.

तेरवीच्या दिवशी सैपाकघरात पंधरा बाया होत्या. आलेल्या एका पाहुणीनं मायले विचारलं, 'काय झालं होतं वो जाऊबाईले?' माय पोळी लाटता लाटता म्हणाली, 'पोटाचं दुखनं होतं.'

मी दाराच्या मागं होतो. मी ठरवलं नव्हतं, खरंच. माहा हात कमरेवर गेला, वजन एका बाजूले गेलं, आन् आवाज आपोआप आला.

'अवं शांते, पोटाचं कायचं वं? पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर झाला होता मले. नाव घेतल्यानं चिकटत नाई तो. आन् दोन साल झाले तुलेबी जाते, तू कवा जाशीन दाखवायले?'

सगळे लाटणे थांबले. कढईत वडा जळत होता, कोणी काढला नाही. बाहेर मांडवात मोठेबाबा उठून उभे राह्यले आन् दारापर्यंत आले. 'सुमन?' त्याईनं हाक मारली. मंग मले पाह्यलं.

मायनं माह्याकडं पाह्यलं नाही. जळलेला वडा काढला, बाजूले ठेवला, दुसरा सोडला.

दोन दिवस ती माह्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी पिशवी घेऊन दारात उभी होती. 'अकोल्याची गाडी किती वाजता हाये?' भिंतीले विचारावं तसं विचारलं.

त्याच डॉक्टरीणबाई, त्याच खुर्च्या. आतून तपासलं, पिशवीच्या तोंडाले व्हिनेगरसारखं औषध लावलं. चांगल्या जागेचा रंग बदलत नाही, खराब जागा पांढरी दिसते. एक जागा पांढरी दिसली. तिथला बारीक तुकडा पाठवला. रिपोर्ट येईस्तोवर पंधरा दिवस गेले. त्या पंधरा दिवसात माय माह्याशी जेवण वाढण्यापुरतं बोलली आन् मी कुकरचाही आवाज काढला नाही. रूपाताईचा फोन आला, तिनं तिच्या पोरीले ह्या कॅन्सरची लस टोचून आणली, पोरगी रडली नाही म्हणे. मायनं स्पीकरवर सगळं ऐकलं आन् उठून पाण्याची मोटर लावली.

काल रिपोर्ट आला. कॅन्सर नाही, मोठाई. व्हायच्या आधीची पायरी आहे. तेवढी जागा काढून टाकायची, संध्याकाळपर्यंत घरी, आन् मंग दर काही महिन्यानं येऊन दाखवत राहायचं. पांढरं जाण्याचं कारण दुसरंच होतं, त्याच्या गोळ्या देल्ल्या. 'पण त्यासाठी आलात म्हणून हे सापडलं,' डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मायनं मान हलवली, रिपोर्ट पिशवीत घातला, जिना उतरली, रस्ता ओलांडला. मी रसवंतीच्या बाकावर बसलो आन् एक रस सांगतला. माय समोर उभी राह्यली. आन् पंधरा दिवसाचं सगळं एकदम आलं.

'लाज वाटली तुले? तेरवीच्या दिवशी? पंधरा बायाईच्या मधात? सख्ख्या मायचं असं कोनी चव्हाट्यावर मांडते? ते पाहुनी खामगावले जाऊन कोनाकोनाले सांगन, ठाऊक हाये? आन् मोठेबाबाईनं हाक मारली ते ऐकू आली का तुले? दोन दिस जेवले नाई ते, बह्याडा! म्हातारा मानूस, त्याले वाटलं बायको आली. आन् काढला त काढला तिचा आवाज, मंग दवाखान्याचंच कायले बोलला रे? दवाखान्याचं त तुह्या आवाजातबी बोलता आलं असतं. एक वाक्य बोलायचं होतं. शांते, तू बोल्ली ते मी मनात नाई ठेवलं. येवढंच. तुले ठाऊक होतं, मले काय ऐका लागते. साऱ्या घराले ठाऊक होतं.'

मी तोंड उघडलं.

'चूप! आता जर तिच्या आवाजात बोलला नं, त ह्याच रस्त्यावर पायतानानं हानीन. तू बोलून काय होते? ते तिनं बोलायचं होतं. आन् त्याच्या आधी मी बोलायचं होतं. वाटी पाठवली म्या तुह्या हातून, स्वतः चार पावलं गेली नाई. ते माह्यं हाये, माह्यापाशी राहीन, तू त्यात तोंड घालू नको. आन् इथं माय मराची वाचली, आन् हा पाह्य कसा, दोन हातानं गिलास धरून बसला लेकरासारखा! पूस ते डोळे. लोकं पाहून राह्यले. सरक तिकडे. मलेबी सांग एक. बरफ नको म्हना.'